तुम्ही किती जण आहात?

सोमवार, ३ मार्च

डॉक्टरीणबाईंचा हुकूम आहे: रोज थोडं लिहायचं आणि खरं लिहायचं. रोजचं वचन मी देत नाही. खऱ्याचं देते, कारण खोटं लिहायला जास्त कष्ट पडतात आणि सध्या माझ्या अंगात तेवढा जोर नाही.

तर खरं. मी लिफ्ट कंपनीच्या मदतकेंद्रात काम करते. लिफ्टमध्ये घंटेचं चित्र असलेलं लाल बटण असतं ना, ते दाबून धरलं की आमच्या खोलीत दिवा लागतो आणि आमच्यापैकी एकजण बोलायला लागतो. अडकलेल्याला धीर द्यायचा, मेकॅनिक पाठवायचा आणि तो पोचेपर्यंत लाइन सोडायची नाही. प्रश्न ठरलेले आहेत. तुम्ही किती जण आहात? आत दिवा चालू आहे का? कुणाला त्रास होतोय का? मी हे झोपेतही विचारते, असं आई म्हणते.

सकाळची पाळी करून मी घरी येते आणि कायद्याचा अभ्यास करते. शेवटचं वर्ष आहे, एप्रिलमध्ये परीक्षा. गेल्या वर्षी या परीक्षेला मी बसले नाही. बसले नाही म्हणजे अंथरुणातून उठलेच नाही. यंदा पुन्हा तसं झालं, तर विद्यापीठाच्या नियमाने सगळं पहिल्या वर्षापासून. ही शेवटची संधी आहे.

आजाराला डॉक्टरीणबाई नैराश्य म्हणतात. मला तो शब्द आवडत नाही, त्याला हरल्याचा वास येतो. मग तुमचं तुम्ही नाव द्या, म्हणाल्या. मी 'भाडेकरू' ठेवलं. मी तिला बाईच धरते. न विचारता राहायला आली, सामान पसरलं, आणि जायचं नाव घेत नाही. पण मी कायदा शिकतेय. तिला बेदखल करून दाखवीन.

गुरुवार, ६ मार्च

नव्या साहेबाचं नाव खोलीने पहिल्याच आठवड्यात 'स्टॉपवॉच' ठेवलं. त्याने भिंतीवर एक पडदा लावलाय. प्रत्येकाचा कॉल किती चालला त्याचा आकडा त्यावर येतो. थोडक्यात आटपलं तर हिरवा, लांबलं तर लाल. दोन माणसं काढली, त्यांच्या खुर्च्या तशाच ठेवल्या. रिकाम्या खुर्च्यांकडे बघत आम्ही त्यांचे कॉल घेतो.

एकेकाळी याच खोलीत मी उभी राहून बोलले होते आणि पाठ टेकायच्या खुर्च्या मिळवल्या होत्या. शाळेपासून मी बोलणारी. समोर माणसं असली की शब्द आपोआप रांगेत उभे राहायचे. आज स्टॉपवॉच म्हणाला, ताई, तुमचा आकडा लाल आहे. मी म्हटलं, बघते. बस्स, एवढंच. घरी येताना वाटभर मी स्वतःला शिव्या घातल्या.

आमच्या इमारतीतली लिफ्ट आमच्याच कंपनीची आहे. तिचं दार लागताना म्हाताऱ्याने घसा साफ करावा तसा आवाज येतो, आणि मग छताजवळची कुठली तरी सैल पट्टी टिक-टिक करत राहते. आई तिच्यात पाऊल टाकत नाही. शिवणाच्या दुकानात दिवसभर उभी असते, तरी चार मजले चढून येते. पोरगी लिफ्टवाली, आणि आई जिनेवाली, अशी शेजारी थट्टा करतात.

शनिवार, ८ मार्च

गोळी अर्धी केली. कुणाला सांगितलं नाही. पूर्ण गोळीने डोक्यात कापूस भरल्यासारखं होतं आणि साक्षीपुराव्याचं प्रकरण तीनदा वाचून पहिल्या ओळीवरच राहतं. गोळ्या माझ्यासाठी आहेत, मी गोळ्यांसाठी नाही. सुरीने दोन तुकडे केले, एक घेतला, एक कागदात गुंडाळून पर्समध्ये ठेवला.

मंगळवार, ११ मार्च

दुपारच्या पाळीला माझ्या खुर्चीवर रेडिओकाकू बसते. खरं नाव तिलाही आठवत नसेल. अडकलेल्या माणसाला ती आपल्या गुडघ्यापासून जावयापर्यंत सगळं ऐकवते. एकदा एक गृहस्थ सुटका झाल्यावर म्हणाले होते, बाई, जावयाचं पुढे काय झालं ते सांगून मग ठेवा.

आज पाळी बदलताना तिने सांगितलं, गेल्या आठवड्यापासून 'अठरा-ग'मधून मुका कॉल येतो. अठरा-ग म्हणजे एक खूण. कुठल्या इमारतीची, ते आम्हाला दिसत नाही. पूर्वी दिसायचं, मग आमच्यातला एक शहाणा, फोनवर अपमान करणाऱ्या गिऱ्हाइकाच्या दारात जाब विचारायला उभा राहिला, आणि तेव्हापासून पत्ते फक्त मेकॅनिकच्या यंत्रावर जातात. आम्हाला आकडा आणि अक्षर.

कॉल दुपारीच येतो. श्वास ऐकू येतो, बोलत कुणी नाही. काकूने विचारलं, किती जण आहात? उत्तरादाखल लोखंडी भिंतीवर दोनदा टकटक झाली. दोघं आहेत बिचारी, असं म्हणून तिने पाना पाठवला. पाना म्हणजे आमचा मेकॅनिक. तो पोचला तर लिफ्ट वरच्या मजल्यावर, दार उघडं, पंखा चालू, आत चिटपाखरू नाही.

मी म्हटलं, टवाळ पोरं असतील. काकू मला दुपारी घरी कोण असतं, जेवलीस का, असलं काहीतरी विचारत बसली.

रविवार, १६ मार्च

सुट्टी. सकाळी चांगला अभ्यास झाला. दुपारी दूध आणायला म्हणून खाली निघाले.

मग एकदम संध्याकाळ. मी स्वयंपाकघरात उभी होते, ओट्यावर रिकामी पिशवी होती, दूध नव्हतं. आई दुकानातून आली आणि माझ्या पाठीवर हात मारून धूळ झटकायला लागली. कुठे बसली होतीस, म्हणाली, मागे सगळी माती. मी म्हटलं, जिन्यात वाचत होते. जिन्याने मीच आले की, ती म्हणाली, आणि दिवा लावायला गेली.

बहुतेक मी बागेत गेले असेन. थकवा आहे. परीक्षेच्या दिवसांत सगळ्यांचंच असं होतं.

बुधवार, १९ मार्च

स्टॉपवॉचने मला खोलीत बोलावलं. मुक्या कॉलमुळे लाइन अडते, पाना फुकट पळतो, पडदा लाल होतो. तुम्ही कायदा शिकताय, तुमचं सगळे ऐकतात, तेव्हा यावर नियम तुम्हीच लिहून द्या. आणि मला लाज वाटते लिहायला, पण मी खूश झाले. किती दिवसांनी कुणी मला सांगितलं की माझं सगळे ऐकतात.

मग त्याने ध्वनिफीत ऐकवली. कान झाकणारे हेडफोन घालून मी डोळे मिटले. आधी दाराचा घसा साफ झाला. मग टिक-टिक. मग श्वास, लांब, ओला, जणू माझ्याच मानेवर सोडलेला. श्वासाखाली काहीतरी पुटपुटणं होतं. शब्द कळत नव्हते, पण एक ठेका होता. तीच ओळ पुन्हा, पुन्हा, पुन्हा. शाळेत पाठांतर करतात तसं. काकूला वाटतं, प्रार्थना असावी. मध्येच पान उलटल्यासारखा आवाज आला. आणि शेवटी काकूचा प्रश्न, आणि टक, टक.

हेडफोन काढून टेबलावर ठेवले. स्टॉपवॉचने विचारलं, आवाज ओळखीचा वाटतो का? मी म्हटलं, सगळ्या जुन्या लिफ्टा सारख्याच खोकतात.

शुक्रवार, २१ मार्च

नियम लिहिला. सभेत उभी राहून वाचला. किती महिन्यांनी असं बोलले.

मी म्हटलं, आपल्याकडे लाइनी मोजक्या आहेत. एक लाइन जो गप्प बसून अडवतो, तो दुसऱ्या कुणाचा तरी श्वास अडवतो. कुठे तरी दम्याचा म्हातारा बंद पेटीत घाम पुसतोय, कुठे बाळाला कडेवर घेऊन आई बटण दाबतेय, आणि आपण कुणा एकाचं मौन ऐकत बसलोय. ज्याला मदत हवी त्याने तोंड उघडावं. तोंड उघडण्याइतकीही ज्याची तयारी नाही, त्याच्यावर आपण दया उधळायची आणि बोलणाऱ्यांनी रांगेत मरायचं, याला न्याय म्हणत नाहीत. तीन प्रश्न विचारा. तिन्हींना उत्तर नाही, तर लाइन तोडा.

टाळ्या पडल्या. खुर्च्यांच्या वेळी पडल्या होत्या तशाच. फक्त रेडिओकाकू गप्प होती, आणि तिला गप्प बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

घरी आल्यावर शब्द अजून तोंडात होते. लिफ्टमध्ये उभी राहून मी ते शेवटचं वाक्य पुन्हा मोठ्याने म्हटलं. भिंतींतून ते परत आलं ते बारीक होऊन, कुणीतरी वेडावून दाखवल्यासारखं.

गुरुवार, २७ मार्च

काकू नियम पाळत नाही. अठरा-गचा कॉल आला की तीन प्रश्न विचारते, टकटकीशिवाय उत्तर येत नाही, आणि मग ती जावयाचं सुरू करते. पडद्यावर तिचा आकडा लाल-लाल. स्टॉपवॉचने तिला ताकीद दिली. पुन्हा झालं तर घरी बसा म्हणाला. निवृत्तीला थोडे महिने राहिलेत तिच्या.

आज पाना काल दुपारच्या फेरीबद्दल सांगत होता. लिफ्ट रिकामीच होती, पण या खेपेला फरशीवर अर्धी गोळी सापडली. पांढरी, सुरीने कापलेली. पण जगात अर्ध्या गोळ्या खाणारी मी काही एकटी नाही.

मग काकूशी भांडण झालं. मी तिला बरंच काही बोलले. तुझ्या या हळवेपणामुळे नोकरी जाईल, वर एखादा खराखुरा अडकलेला जिवाला मुकेल, असं. ती डबा पुसत ऐकत होती. मग तिने डबा खाली ठेवला.

"त्या बाईवर तू इतकी का चिडतेस?"

"बाई आहे हे तुला कसं कळलं?"

"श्वासावरून," ती म्हणाली. आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली. मला ते बघणं आवडलं नाही.

सोमवार, ३१ मार्च

विचित्र गोष्ट. साक्षीपुराव्याचं शेवटचं प्रकरण मी अजून उघडलेलं नाही, अशी माझी समजूत होती. आज उघडलं तर शेवटच्या पानापर्यंत पेन्सिलीच्या खुणा आहेत. अक्षर माझंच, पण दाबून लिहिलेलं, पान पलीकडे फुगलंय. आणि मी पुस्तक मिटून स्वतःला प्रश्न विचारले तेव्हा उत्तरं धडाधड आली. न वाचलेलं प्रकरण मला पाठ आहे.

भाडेकरू अभ्यास करते वाटतं. चला, भाडं तरी फेडतेय.

आई सांगत होती, लिफ्ट दुपारी पुन्हा मध्येच थांबली होती म्हणे. खालच्या मजल्यावरचे काका बटण दाबून दाबून कंटाळले आणि मग तुझ्या कंपनीच्या नावाने ओरडत जिना चढले. मी म्हटलं, लिफ्ट जुनी झालीय. आई म्हणाली, तू बरी आहेस ना? मी म्हटलं, अगदी. ती म्हणाली, तुझी नखं बघ. नखांखाली काळं होतं, ग्रीससारखं. कार्यालयातलं असेल.

गुरुवार, ३ एप्रिल

अर्धी गोळीही बंद केली. डॉक्टरीणबाईंकडे आज जायचं होतं, गेले नाही. डोकं कसं लख्ख झालंय. सकाळच्या पाळीत माझा आकडा दिवसभर हिरवा होता. एक माणूस रडत होता, त्याला मी दोन वाक्यांत गप्प केलं. स्टॉपवॉचने अंगठा दाखवला.

झोप येत नाही, पण झोपेला वेळ कुणाला आहे? लोक आजाराचं कौतुक करतात. गादीवर बसवतात, गोळ्यांचा नैवेद्य दाखवतात, त्याच्याशी हळू आवाजात बोलतात. मी म्हणते, दार दाखवा. ज्या घरात घरमालक खंबीर आहे, तिथे भाडेकरू टिकत नाही. मला वाटतं, ती गेली. घर रिकामं झाल्यासारखं वाटतंय. फार रिकामं. मी खोलीत बोलले तरी आवाज लगेच परत येत नाही. आधी कुणीतरी तो ऐकून घेतं आणि मग परत करतं, असं वाटतं.

रविवार, ६ एप्रिल

उद्या पहिला पेपर. साक्षीपुरावा. सकाळीच आहे, म्हणून काकूने माझी पाळी घेतली. भांडणानंतरही घेतली. निरोप पाठवला: पाणी जवळ ठेव, आणि लिफ्टने जाऊ नकोस, कुठे अडकलीस म्हणजे. मी हसले. लिफ्टवालीला हे सांगते.

पेन भरून ठेवलं. प्रवेशपत्र वहीत. आईने कपड्यांना इस्त्री केली. सगळं तयार आहे. मी तयार आहे.

बुधवार, ९ एप्रिल

लिहायचं खरं, असं ठरलंय. म्हणून लिहिते.

सोमवारी सकाळी आई लवकर दुकानात गेली. मी वेळेत निघाले. लिफ्ट आमच्याच मजल्यावर होती, माझी वाट बघत असल्यासारखी. आत शिरले. दार खोकलं. टिक-टिक सुरू झाली. आणि मी तळमजल्याचं बटण दाबलं नाही.

का, ते मला सांगता येत नाही. माझा हात वर गेला, लिफ्ट थांबवायच्या खटक्यावर गेला, आणि मग लाल बटणावर जाऊन टेकला. अंधारातही घरातल्या दिव्याचं बटण हाताला बरोबर सापडतं ना, तसा. हाताला सवय होती. मला नव्हती.

गुडघे वाकले आणि मी कोपऱ्यात बसले. तेव्हा दिसलं की फरशीवर सगळीकडे धूळ आहे, आणि त्या कोपऱ्यात नाही. तिथे एक माणूस बसेल एवढी जागा पुसलेली होती. त्या जागेत मी अगदी बरोबर मावले. भिंतीवर, बसलेल्या माणसाच्या उंचीला, डोकं टेकून टेकून झालेला तेलकट डाग होता. मी डोकं टेकलं. डाग थंड नव्हता.

आणि मग माझा प्रश्न आला, दुसरीच्या तोंडून.

"मदतकेंद्र. तुम्ही किती जण आहात?"

मी तोंड उघडलं. ज्या तोंडाने सभा गाजवल्या ते उघडलं, पण बाहेर फक्त हवा आली. जीभ होती, शब्द होते, दोघांच्या मध्ये कुणीतरी बसलं होतं.

आत दिवा चालू आहे का? मी दिव्याकडे बघत राहिले. कुणाला त्रास होतोय का? मला टाहो फोडायचा होता. टिक-टिक चालू होती. तीन प्रश्न संपले होते. पुढे काय होणार ते मला ठाऊक होतं, मीच लिहिलं होतं. आता लाइन तुटणार. आता मदतकेंद्रात माझ्या खुर्चीसमोर लागलेला दिवा विझणार, आणि बोलणाऱ्यांना न्याय मिळणार.

काकूने नाक ओढलं. खुर्ची करकरली.

"बरं," ती म्हणाली. "तीन झाले. नियमाने आता मी फोन ठेवायचा. आमच्यात एक मुलगी आहे, तिने केलाय नियम. फार छान बोलते गं, तू ऐकायला हवंस तिला. तर जावई परवा पुन्हा आला होता..."

जावयाने नवा दिवाणखाना दाखवायला म्हणून फोनवर चित्रं आणली होती आणि सगळ्या चित्रांत त्याचं स्वतःचंच तोंड होतं. काकू सांगत होती. मी ऐकत होते. माझ्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि मला हसू येत होतं, दोन्ही एकदम. मध्येच ती थांबली. आवाज बदलला.

"आज मी सकाळची बसलेय, कारण त्या मुलीची परीक्षा आहे. इतके दिवस तुझा फोन मला दुपारीच यायचा. ती घरी गेली की. आज ती घरी आहे, आणि तुझा फोन सकाळी आलाय." मग नुसता तिचा श्वास आणि माझा. "बाळा, मला फक्त एवढं सांग. किती जण आहात?"

"एक," मी म्हटलं. "काकू, मी एकटीच आहे."

"हो," ती म्हणाली. "पाना निघालाय. मी आहे."

तिला आधीच संशय होता. नंतर मी विचारलं, मग बोलली का नाहीस? म्हणाली, बोलले असते तर तू भाषण केलं असतंस, आणि मी हरले असते.

पान्याने दार उघडलं तेव्हा पेपर सुरू होऊन गेला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, यंत्रावरच्या पत्त्याकडे पाहिलं, आणि काही न विचारता टोपी काढून माझ्या शेजारी फरशीवर बसला. आई येईपर्यंत बसून होता. आई आली ती धापा टाकत चार मजले चढून, आणि मला बघून, कधी नव्हे ते, लिफ्टच्या आत शिरली. मला धरून उभी केली. दार लागलं तेव्हा तिने डोळे घट्ट मिटले, पण बाहेर पळाली नाही.

तिथून सरळ डॉक्टरीणबाईंकडे. त्या रागावल्या नाहीत. गोळी अचानक सोडल्याने काय होतं ते समजावलं, आणि काही दिवस मी एकटी राहायचं नाही असं आईला बजावलं. मी विचारलं, मी घर रिकामं झालं म्हणत होते, तेव्हा भाडेकरू कुठे होती? त्या म्हणाल्या, तिला बाहेर काढण्याच्या नादात तुम्हीच बाहेर पडला होतात.

परीक्षा गेली. परीक्षेबरोबर ही सगळी वर्षंही गेली. हेही लिहिलं.

गुरुवार, १५ मे

आजपासून पुन्हा कामावर, अर्धा दिवस. गोळी पूर्ण. डोक्यात कापूस आहे. आहे तर आहे, कापसाने काच फुटत नाही. पहिल्या वर्षाला पुन्हा नाव घातलं. अर्जाच्या खिडकीजवळ बसलेली मुलं मला मॅडम समजून उठून उभी राहिली.

कालच स्टॉपवॉचकडे जाऊन सांगितलं होतं, माझा नियम मी मागे घेते. तो म्हणाला, असं मागे घेता येत नाही, तो आता कंपनीचा आहे. मग मी पुन्हा बोलले. उभी राहून नाही, बसून, कारण पायात अजून जोर नाही. म्हटलं, बोलता येणं ही मदत मिळण्याची अट असेल, तर आपण बुडणाऱ्याला आधी पोहून दाखव म्हणतोय. मी त्या पेटीत बसलेय. मला तीन प्रश्न ऐकू येत होते आणि एकाचंही उत्तर देता येत नव्हतं, आणि मी या शहरातली सगळ्यात बडबडी बाई आहे. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. वर विचारतो, म्हणाला. काकूची ताकीद मात्र कागदावरून काढली. ती पुढच्या महिन्यात निवृत्त होतेय. निरोप समारंभात जावयाला बोलायला देणार नाही म्हणते.

आता खरं तेच लिहायचं राहिलंय.

मी काकूला एक गोष्ट विचारली होती. ती दोनदा टकटक मी का करायचे? मला एकदाही केल्याचं आठवत नाही. ती म्हणाली, मला वाटलं, तुझ्या हिशेबाने तुम्ही दोघी होतात. आम्ही हसलो होतो.

आज दुपारच्या आधी, मी माझ्या खुर्चीवर बसलेली असताना, दिवा लागला. खाली खूण आली: अठरा-ग.

माझ्या घरची लिफ्ट. मी इथे होते. आई दुकानात होती, आणि ती परत जिन्यानेच जाते. एखाद्या शेजाऱ्याचा चुकून हात लागला असेल. मुलं असतील. मी हे सगळं मनात म्हटलं आणि लाइन घेतली.

दाराचा घसा साफ झाला. टिक-टिक. आणि मग तो श्वास, लांब, ओला. त्याच्याखाली तेच पुटपुटणं. आता मला शब्द कळत होते. साक्षीपुराव्याचं शेवटचं प्रकरण.

पान्याला पाठवायचं बटण दाबलं. मग विचारलं, तुम्ही किती जण आहात?

टक.

मी वाट पाहिली. हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून वाट पाहिली. दुसरी टक आली नाही. तिथे आता ती एकटीच होती.

दुसरा प्रश्न विचारला. तिसरा विचारला. पडद्यावर माझा आकडा लाल झाला, स्टॉपवॉचने काचेतून मान वर केली. मी टेबलाखाली चपला काढल्या आणि पाय खुर्चीवर घेतले.

"बरं," मी म्हटलं. "माझ्याकडे वेळ आहे. मला जावई नाही, तेव्हा तुला आईचं सांगते. माझी आई, तुला माहितीच आहे, लिफ्टला फार घाबरते..."